एका घरातले दोन विद्यार्थी : विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील अकृषी विद्यापीठांचे कुलगुरू, परीक्षा व मूल्यमापन मंडळांचे संचालक, अभ्यास मंडळांचे सदस्य आणि संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य यांस,

विषय : नोकरी सांभाळून पुन्हा पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या जोडप्यांच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

सस्नेह नमस्कार.

नोकरीत दहा-पंधरा वर्षं काढल्यावर नवरा-बायको दोघांनीही पुन्हा कॉलेजात नाव घालावं, याचं आता पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर या शहरांत नवल वाटत नाही. सॉफ्टवेअर, नेटवर्क, टेस्टिंग, डेटाबेस अशा कामांतली ही माणसं. कुणाचं बी.एससी.नंतरचं शिक्षण राहून गेलेलं असतं, कुणाला मशीन लर्निंगमागचं गणित नीट बसून शिकायचं असतं, तर कुणाला पुढे शिकवायला जायचं असतं. आम्ही दोघं त्यांतलेच. आमची हकिगत सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. काय अडतं, का अडतं आणि ते कसं सुटेल, एवढंच मांडायचं आहे. बहुतेक उपायांना नवा कायदा लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही.

आधी तासांचा हिशेब. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. त्यात वर्ग, प्रात्यक्षिक आणि घरचं वाचन सगळं आलं. राज्याच्या नव्या पदव्युत्तर रचनेत एका सत्राला २२ क्रेडिट असतात, म्हणजे सत्राला ६६० तास. शिकवण्याचे आठवडे १५ धरले तर आठवड्याला ४४ तास होतात. ही दुसरी पूर्णवेळ नोकरीच झाली. आता एका घरातले दोघं घ्या. आठवड्याचे तास १६८, दोघांचे ३३६. रोज ७ तास झोपेचे ९८ गेले, नोकरीचे ४५ प्रमाणे ९० गेले, कामाच्या पाच दिवशी रोज २ तास जाण्यायेण्याचे २० गेले. उरले १२८. त्यातून अभ्यासाचे ८८ वजा केले की दोघांत मिळून ४० तास उरतात, म्हणजे माणशी दिवसाला तीन तासही नाहीत. स्वयंपाक, अंघोळ-जेवण, मुलांची शाळा, आईवडिलांचे दवाखाने, सगळं त्यात बसवायचं. ते बसत नाही. मग दोघांपैकी एक जण दुसऱ्या सत्रात गळतो आणि बहुतेक घरांत ती बायको असते.

हाच हिशेब सत्राला ११ क्रेडिट धरून करा. अभ्यासाचे तास दोघांचे मिळून ४४ होतात, उरतात ८४, म्हणजे माणशी दिवसाला ६ तास. एवढ्यात घर चालतं. पदवीला दोनाऐवजी चार वर्षं लागतील, पण त्याची सोय तर आधीच झालेली आहे. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटचं सरकारी डिजिटल खातं) जमा झालेलं क्रेडिट ७ वर्षं चालतं. म्हणून आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी अर्ध्या भाराच्या नोंदणीची आहे : विषयवार नोंदणी करू द्या आणि फी क्रेडिटप्रमाणे घ्या.

हे कागदावर मान्य होऊनही अडतं कुठे, तर परीक्षा विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये. बऱ्याच प्रणाल्या सत्राला एक अखंड गठ्ठा समजतात. विद्यार्थ्याने ५ पैकी ३ विषय घेतले, तर उरलेल्या दोन विषयांपुढे 'गैरहजर' उमटतं, पुढे तेच एटीकेटी म्हणून मोजलं जातं आणि तिसऱ्या सत्राचा अर्जच उघडत नाही. दुरुस्ती सोपी आहे. विषयाच्या स्थितीत 'नोंदणी नाही' हा वेगळा पर्याय ठेवा आणि पुढच्या सत्रात घ्यायचं की नाही हे मिळवलेल्या क्रेडिटवर आणि त्या विषयाच्या पूर्वअटीवर ठरवा. स्वयम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांनाही हीच खोट नडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ पासून सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवर करायला मुभा दिली आहे आणि नोकरदारांना ती फार उपयोगाची आहे. पण त्या परीक्षेचा निकाल विद्यापीठाच्या गुणपत्रिकेनंतर आला की विद्यार्थी नापास दिसतो. तिथे 'निकाल प्रलंबित' असं दिसायला हवं.

अर्धा भार दिला आणि वेळापत्रक मात्र सोमवार ते शुक्रवार विखुरलेलं ठेवलं, तर त्याचा उपयोग शून्य. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. ११ क्रेडिटमध्ये ७ थिअरीचे आणि ४ प्रात्यक्षिकाचे धरले, तर सत्राला २२५ तास, म्हणजे आठवड्याला १५ तास. तीन संध्याकाळी मिळून सात तास आणि शनिवारी आठ तास, एवढ्यात ते नीट बसतात. थिअरी संध्याकाळी आणि प्रात्यक्षिकं शनिवारी सलग ठेवावीत. दोन तासांच्या प्रात्यक्षिकासाठी अर्धा दिवस रजा काढावी लागली की ७५ टक्के हजेरीचं गणित महिन्याभरात कोसळतं. ६० तासांच्या विषयात फक्त १५ तास चुकवता येतात आणि कंपनीत एक मोठं रिलीज आलं की त्यातले सहा-आठ एका पंधरवड्यात जातात. अभियांत्रिकीत तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेच्या तुकड्यांना २०२३-२४ पासून परवानगी दिली आहे. विज्ञान शाखेच्या पदव्युत्तर वर्गांना तशीच मुभा द्या.

ऑन जॉब ट्रेनिंगचंही सांगायला हवं. दुसऱ्या सत्रात त्याचे ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. बारा वर्षं डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला 'कुठल्यातरी आस्थापनेत प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र आणा' असं सांगण्यात अर्थ नाही. त्यातून फक्त ओळखीची प्रमाणपत्रं गोळा होतात. अनुभवाला क्रेडिट देण्याची तरतूद राष्ट्रीय आराखड्यात आहे. चालू नोकरीतलंच एखादं ठरावीक काम, ४० पानांऐवजी १० पानांचा तांत्रिक अहवाल, कंपनीतल्या वरिष्ठाचं पत्र आणि वीस मिनिटांची तोंडी परीक्षा इतकं मागा. कंपनीच्या गोपनीयतेच्या करारामुळे कोड दाखवता येत नाही, म्हणून अहवालात रचना, आलेल्या अडचणी आणि घेतलेले निर्णय विचारा. तोंडी परीक्षेत खरं-खोटं लगेच कळतं.

आता नावाचा प्रश्न. यावर सविस्तर लिहितो, कारण नव्या डिजिटल व्यवस्थेत तो सुटण्याऐवजी वाढला आहे आणि त्याचा सगळा भार बायकांवर पडतो. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव असतं. लग्नानंतर अनेकींच्या आधारवर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतात. इतर अनेक राज्यांत आडनावच बदलतं; इथे तीन शब्दांपैकी दोन बदलतात आणि काही घरांत तिसराही. कॉलेज नोंद करतं दहावीच्या कागदावरून. एबीसी किंवा अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) निघतो आधारवरून. निकाल वर चढवताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळवलं जातं, नाव जुळत नाही आणि क्रेडिट खात्यात जमाच होत नाहीत. हे कळतं पदवीच्या वेळी, तोवर दोन वर्षं गेलेली असतात. नवऱ्याचं मात्र सगळं पहिल्या दिवशी जुळलेलं असतं.

त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'राजपत्रात नाव बदलून आणा'. राजपत्र हे नाव कायमचं बदलू पाहणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही नावं खरीच असलेल्या बाईला त्याची गरज नाही. १९९८च्या राज्य अधिनियमाखाली मिळणारं विवाह नोंदणी प्रमाणपत्र दोन्ही नावांना जोडणारा पुरेसा दुवा आहे. करायचं ते असं : विद्यार्थ्याच्या नोंदीत नावासाठी एकच रकाना न ठेवता नावांची यादी ठेवावी, प्रत्येक नावापुढे कुठल्या तारखेपासून आणि कुठल्या कागदावरून हे लिहावं, आणि ओळख पटवायची ती कायम नोंदणी क्रमांकाने, म्हणजे पीआरएनने. क्रेडिट चढवताना आधारवरचं नाव पाठवावं आणि पदवीवर विद्यार्थिनी सांगेल ते नाव छापावं. प्रवेशाच्या दिवशीच लिपिकाने एबीसीवरचं नाव पडद्यावर उघडून तपासलं, तर पुढचे सहा महिन्यांचे हेलपाटे वाचतात. नाव जुळवणाऱ्या प्रोग्रामने अक्षरशः तुलना करू नये. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत 'डी-एन'ने सुरू होतं, तसंच 'जी'नेही सुरू होतं. वैशालीच्या शेवटी एका कागदावर 'आय' असतो, दुसऱ्यावर 'डबल ई'. नावाचे शब्द सुटे करून, क्रम सोडून, उच्चाराच्या जवळपणावर तपासावं आणि शंका आली तर नोंद नाकारण्याऐवजी माणसाकडे पाठवावी.

त्याच अर्जात 'पालकांची सही', 'पालकांचा मोबाइल', 'पालकांचं वार्षिक उत्पन्न' हे रकाने सक्तीचे असतात. चाळिशीतल्या विद्यार्थ्याचे वडील हयात नसतील तर अर्ज पुढे सरकतच नाही. मग लोक कुठलाही आकडा भरतात आणि आपल्या नोंदी खोट्या होतात. 'पालक, जोडीदार किंवा स्वतः' असा पर्याय द्या. रॅगिंगविरोधी हमीपत्रावरही तेच करा. एका मोबाइल क्रमांकावर एकच अर्ज ही अटही काढा. घरातल्या दोघांचा आधारला जोडलेला क्रमांक अनेकदा एकच असतो. ओटीपी पाठवताना त्यात विद्यार्थ्याचं नाव लिहिलं की गोंधळ होत नाही.

ऑनलाइन चाचण्यांमध्ये जोडप्यांवर थेट अन्याय होतो. 'एका आयपी पत्त्यावरून दोन उत्तरपत्रिका आल्या' म्हणून दोघांची चाचणी रद्द करण्याचा नियम काही ठिकाणी आहे. आयपी म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक. घरच्या राउटरमागे दहा उपकरणं असली तरी बाहेर एकच सार्वजनिक आयपी दिसतो, त्यालाच नॅट म्हणतात. त्यावर आणखी, अनेक ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात. म्हणजे दोन अनोळखी विद्यार्थीही एका पत्त्यावर दिसू शकतात. आयपी हा कॉपीचा पुरावा नव्हे. कॅमेऱ्याने देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर दुसरा आवाज ऐकला की इशारा देतं. वन बीएचकेमध्ये दोघांची चाचणी एकाच वेळी असेल तर तो इशारा येणारच. अशा जोडप्यांना दोन वेगळ्या वेळा द्या, प्रश्नपेढीतून वेगळे प्रश्न द्या, किंवा एकाला कॉलेजच्या लॅबमध्ये बसू द्या. पुणे परिसरात गुरुवारी ऑनलाइन चाचणी ठेवू नका. दुरुस्तीच्या कामासाठी वीज जाण्याचा तो नेहमीचा वार आहे. घरी राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तरी फायबरची तार जिथे येते त्या ओएनटी डब्याला वेगळा सप्लाय लागतो, आणि दोन्ही चालू असले तरी इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या नोडची वीज गेली की नेट बंदच. म्हणून चाचणीच्या पानानेच प्रत्येक उत्तर ब्राउझरमध्ये साठवावं, नेट आल्यावर सर्व्हरला पाठवावं आणि गेलेली मिनिटं परत द्यावीत.

कोडची नक्कल शोधणारी साधनं दोघांच्या प्रोग्राममध्ये साम्य दाखवतील. एकाच पुस्तकातून, एकाच टेबलावर शिकणाऱ्यांची मांडणी सारखी होते. साम्याच्या टक्क्यावर शून्य गुण देऊ नका. दोघांना वेगवेगळं बोलवा, स्वतःच्या प्रोग्राममधली एक अट बदलायला सांगा आणि तो पुन्हा चालवायला लावा. ज्याने लिहिलाय त्याला दहा मिनिटं पुरतात. प्रकल्पाच्या गटाबाबत मात्र आमचं मत उलटं आहे : जोडप्याला एका गटात ठेवू नये. मूल आजारी पडलं, गावी जावं लागलं, तर दोघं एकदम गैरहजर होतात आणि चार जणांचा गट अर्धा होतो. प्रात्यक्षिकाच्या बॅचही वेगळ्या द्या, एक 'अ' आणि एक 'ब', म्हणजे एक लॅबमध्ये असताना दुसरा घरी मुलांपाशी राहतो. प्रवेश अर्जात 'जोडीदार याच वर्गात आहे का' असा एक प्रश्न घातला की हे सगळं वेळापत्रक करतानाच ठरवता येईल.

लॅबविषयी लिहिताना आम्हाला मनापासून वाईट वाटतं. अजून अनेक ठिकाणी सी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषा टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल असा करणाऱ्या साधनावर) शिकवतात. सी प्लस प्लसचं पहिलं आयएसओ प्रमाण १९९८ साली आलं. हा कंपायलर त्याच्याही आधीचा आहे आणि आजच्या विंडोजवर डॉसबॉक्स या जुनी डॉस प्रणाली भासवणाऱ्या प्रोग्रामशिवाय चालत नाही. त्यात पूर्णांक १६ बिटांचा असतो, म्हणजे ३२,७६७च्या पुढे जात नाही. फॅक्टोरियलचा (१पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा) साधा प्रोग्राम ७ला ५,०४० देतो आणि ८ला ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६. विद्यार्थ्याला वाटतं आपलं लूप चुकलं. तोच प्रोग्राम आजच्या कंपायलरवर १२पर्यंत बरोबर चालतो आणि १३ला फसतो, आणि ओव्हरफ्लो (आकडा ठरलेल्या जागेत न मावणं) म्हणजे काय हे तिथे खरं शिकवता येतं. वीस वर्षांच्या मुलाला ही टर्बो सीची सवय नोकरीत मोडावी लागते. आमच्या वयाच्या विद्यार्थ्याला रोज कामावर एक आणि कॉलेजात दुसरं लिहावं लागतं.

बदल एका सत्रात होतो. लॅबच्या मशीनवर उबुंटू असेल तर बिल्ड-इसेन्शियल (कंपायलर) आणि जीडीबी (चुका शोधण्याचं साधन) हे दोन पॅकेज पुरतात. विंडोज असेल तर मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४. सगळ्या वॉर्निंग दाखवणारा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. जुन्या स्लिपा (प्रात्यक्षिकाचे प्रश्न) बदलताना अडतं ते ठरावीक जागी : व्हॉइड मेनऐवजी इंट मेन, सी प्लस प्लसच्या हेडरमागचं डॉट एच काढणं, एसटीडी नेमस्पेस जोडणं, आणि स्क्रीन पुसणारे, की दाबण्याची वाट पाहणारे कॉनिओ या हेडरमधले फंक्शन सरळ गाळणं. ग्राफिक्सच्या स्लिपा एसडीएल या ग्राफिक्स लायब्ररीवर नेता येतात. बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमात टर्बो सीचं नावही नसतं. बाहेरून येणारे परीक्षक अडवतील ही धास्ती असते, म्हणून अभ्यास मंडळाने एक पानाचं परिपत्रक काढून परीक्षकांना पाठवावं. त्याने ही धास्ती संपेल.

हाताने लिहिलेलं जर्नल बंद करा. २० प्रात्यक्षिकांचा कोड हाताने उतरवायला आठवड्याचे दोन-तीन तास जातात आणि त्यात कोड शिकला जात नाही. त्याऐवजी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, वापरा : प्रत्येक प्रात्यक्षिकाला एक फोल्डर, त्यात प्रोग्राम, चालवण्याची कृती आणि मिळालेलं उत्तर, आणि सबमिशनच्या दिवशी एक टॅग. एक काळजी घ्या. कमिटवरची (गिटमधल्या प्रत्येक नोंदीवरची) तारीख विद्यार्थ्याच्या मशीनच्या घड्याळावरून येते आणि ती मागे नेता येते. म्हणून मुदत मोजताना सर्व्हरवर पुश झाल्याची वेळ धरा.

परीक्षेच्या तारखा. कंपनीत रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो आणि दोघांची रजा एकदम मिळणं अवघड. वेळापत्रक निदान ३० दिवस आधी द्या आणि पीडीएफसोबत कॅलेंडरमध्ये उघडणारी आयसीएस फाइलही द्या. त्यात प्रत्येक पेपरला स्वतंत्र यूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. तारीख बदलली तर तोच यूआयडी ठेवून सिक्वेन्स क्रमांक एकाने वाढवायचा. विद्यार्थ्याने ती फाइल लिंकवरून कॅलेंडरला जोडलेली असली की फोनमधली जुनी नोंद आपोआप नव्या तारखेवर सरकते. दरवेळी नवा यूआयडी दिला तर दोन्ही तारखा दिसत राहतात, ही चूक हमखास होते. प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कळवणं बंद करा. सूचना युनिकोडमध्ये टाका. जुन्या फॉन्टमधली किंवा स्कॅन केलेली सूचना शोधून सापडत नाही.

फी भरताना पैसे कापले जातात आणि पोर्टलवर 'भरले नाहीत' दिसतं, कारण बँकेकडून परत येणारा निरोप ब्राउझरच्या वाटेने येतो आणि टॅब बंद झाला की हरवतो. विद्यापीठाच्या सर्व्हरने पैसे घेणाऱ्या गेटवेला थेट विचारावं आणि रोज रात्री ताळा करावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार यूपीआयचे असे अडकलेले पैसे ५ दिवसांत परत यायला हवेत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तेवढ्या दिवसांचं विलंब शुल्क विद्यार्थ्याकडून घेऊ नका.

वाचनालय संध्याकाळी साडेपाचला बंद होत असेल तर आमच्यासाठी ते नाहीच. उघडं ठेवता येत नसेल, तर इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या ऑनलाइन वाचनसेवेचा आयडी प्रत्येक विद्यार्थ्याला काढून द्या, घरून वाचता येतं. आणि बाळंतपणासाठी हजेरीत, अर्जाच्या मुदतीत सवलत देणारे नियम करा, असं अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. ज्या विद्यापीठांनी ते नियम केले नसतील त्यांनी ते येत्या विद्या परिषदेत ठेवावेत. हजेरीच्या नियमावर बाईची पदवी सुटणं आम्हाला सहन होत नाही.

नाव जुळवण्याचा प्रोग्राम, वेळापत्रकाची आयसीएस फाइल बनवणारी स्क्रिप्ट आणि टर्बो सीच्या स्लिपा बदलण्याचं एक पानी टिपण, ही तीन कामं आम्ही मोफत करून द्यायला तयार आहोत. कुठल्याही महाविद्यालयाने मागावं, शनिवारी येऊन लावूनही देऊ. अर्ध्या भाराचा निर्णय मात्र आपल्याच हातात आहे. पुढच्या वर्षाचे प्रवेश अर्ज सुटण्याआधी तो व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपले विश्वासू,
नोकरी करत शिकणारे एक जोडपे
पुणे